फळ्यांचा रस्ता

होल्टव्हिलहून निघताना लेक म्हणाली,
"बाबा, आज तुमच्या खात्यातलं काहीतरी दाखवते."
छत्तीस वर्षं खडी, मुरूम, डांबर.
निवृत्त झालो तरी कुणाच्याही गाडीत बसलो
की माझी कंबर आधी रस्त्याचा अहवाल देते.
हा गुळगुळीत. कंबर गप्प.

गाजरांची शेतं एकाएकी संपली,
कात्रीनं कापल्यासारखी.
कालव्यापलीकडे वाळू.
डोंगर म्हणावा तर पायथा जागेवर नाही,
समुद्र म्हणावा तर ओल नाही,
वर दोन पोरं फटफट्या उडवत होती
आणि आवाज उशिरा पोचत होता.

आडोशाला, लाकडी खांबांच्या आत,
एवढासा तुकडा: आडव्या फळ्या,
लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या,
राखाडी, भेगाळलेल्या,
बंदरावर टाकून दिलेल्या होडीसारख्या.
"एवढाच?" मी म्हणालो.

डेल्फिना ओरोस्को, दर शनिवारी
माहिती सांगायला येणारी, वयानं माझ्याएवढी,
थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली,
शंभर वर्षांपूर्वी सहा-सात मैल होता.
वाळू चालून यायची, रस्ता बुडायचा.
मग साखळ्या अडकवून, खेचरं जुंपून
अख्खा रस्ता उचलायचे
आणि पलीकडे नेऊन अंथरायचे.

मी पुन्हा विचारलं. उचलायचे?
आम्ही केलेले रस्ते वाहून गेलेत,
उखडलेत, एक तर कागदावर दोनदा झालाय,
पण रस्ता झटकून दुसरीकडे घातला, सतरंजीसारखा,
असं कुठल्याच मोजमाप पुस्तकात
माझ्या हातून लिहिलं गेलं नाही.

सवयीनं वाकून वीत टाकली.
"बाबा, हात नका लावू."
आठ फूट. म्हणजे एकच मोटार.
समोरून दुसरी आली तर?
डेल्फिना हसली. "भांडायचे.
मागे कोण घेणार, यावर."
हे मात्र मला नवं नव्हतं.
कुंभार्ली घाटात दोन ट्रकांच्या मध्ये
मीही उभा राहिलोय, शिट्टी नव्हती म्हणून
रुमाल हलवत.

तिचा पणजोबा खेचरं हाकायचा.
खेचरांची नावं घरात अजून पाठ आहेत,
पालोमा, सोर्दा, आणि चावणारा एक जनरल.
बरोबरच्या माणसांची नाहीत.

माझ्या मस्टरवर अंगठे असायचे, निळे, पुसट.
नावं मी लिहायचो. घाईत.
एकदा सखू लिहिलं की साळू, कळेना,
पगाराला दोघी उभ्या राहिल्या,
पाकीट एकच होतं.
कोणाला दिलं ते आठवत नाही.
बत्तीस वर्षं झाली, आठवत नाही.

"आईकडचे क्वेचान," डेल्फिना सांगत होती,
"ते याच्याही आधी इथून जात. पायी."
"कुठल्या बाजूनं?"
तिनं हात वर केला, दाखवायला,
आणि तसाच थोडा वेळ हवेत ठेवला.

दक्षिणेला टेकड्यांवर काळी रेघ होती.
रेल्वे असेल असं मला वाटलं होतं.
"सरहद्दीचं कुंपण," लेक म्हणाली,
"वाळूवर नुसतं ठेवलंय. बुडालं
की यंत्रानं उचलून पुन्हा वर बसवतात."
"तेव्हा रस्ता," डेल्फिना म्हणाली
आणि कॉफी ओतायला लागली.
वाक्याचं उरलेलं अर्ध
मला कळलं होतं. तिघांनाही.
तिनं झाकणातून अर्धी कॉफी मला दिली,
गोड, दालचिनीची.

परतताना खिशातली वही काढली.
रुंदी: आठ फूट.
लाकूड: बहुधा पाइन, तडे उभे.
लांबी: होती.
"काय लिहिताय एवढं?"
"काही नाही. मोजमाप."
ठिकाण, या रकान्यापाशी
पेन थांबलं,
आणि पानाच्या शिवणीत वाळूचे चार कण,
तेही गाडी वळली तसे
सरकले.